पुढची घटना कोणती?

बँकेच्या काउंटरसमोरची रांग संगणकात उभी करायची, तर घड्याळ सेकंदासेकंदाने पुढे ढकलावे लागत नाही. दहा वाजता ग्राहक आला, दहा वाजून सात मिनिटांनी त्याचे काम झाले. मधल्या वेळात काहीच घडले नसेल तर घड्याळ सरळ दहा-सातवर उडी मारते. डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशनचे मर्म या उडीत आहे. पण उडी मारायला सर्वांत जवळची घटना कोणती हे ठाऊक हवे. त्यासाठी ठेवलेली भावी घटनांची यादी कशी राखावी, यावर साठ वर्षे डोकी खपली आहेत. यादी अफाट वेगवान झाली, यात शंका नाही. ज्या कसोटीवर ती वेगवान ठरली, त्या कसोटीवर मात्र माझा फारसा विश्वास नाही.

जेफ्री गॉर्डन यांची जीपीएसएस, ओस्लोच्या दाल आणि नीगोर यांची सिम्युला या १९६०च्या दशकातल्या भाषा. त्या काळच्या छोट्या सिम्युलेशनांना वेळेनुसार लावलेली साधी साखळी पुरत असे. यादीत दहा लाख घटना झाल्या, की साखळीत एकेक नवी घटना बसवायला लाखो तुलना लागू शकतात. १९६४ साली जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी मांडलेल्या हीप या रचनेला तिथे वीसेक पुरतात.

तेवढ्यावर कोणी थांबले नाही. १९८८मध्ये रँडी ब्राउन यांनी आणलेली कॅलेंडर क्यू ही या क्षेत्रातली सर्वांत देखणी कल्पना. आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसची तारीख, लग्नाची तारीख त्या त्या चौकटीत लिहितो. लिहिताना इतर नोंदी चाळत नाही, आणि आजचे काम पाहायला आजची चौकट पुरते. ब्राउन यांनी हेच केले. पुढच्या वर्षीची घटनाही त्याच तारखेच्या चौकटीत टाकली आणि वाचताना वर्ष तपासले. चौकटींची रुंदी नेमकी जमली, तर यादी कितीही वाढो, एका घटनेमागचा खर्च सरासरीने तेवढाच राहतो. गोची त्या ‘जमली तर’मध्ये आहे. घटना एकाच काळात दाटल्या, की एक चौकट खचाखच आणि बाकीच्या कोऱ्या. मग रुंदी बदलून अख्खे कॅलेंडर पुन्हा लिहायचे. २००५च्या लॅडर क्यूने दूरच्या घटना लावायच्याच नाहीत, जवळ येतील तेव्हा गर्दीची चौकट तेवढी फोडायची, असा शहाणा तोडगा काढला.

इतके असूनही लोक वापरतात काय? पायथनच्या सिमपाय या सिम्युलेशन-संचात हीप, नेटवर्कांच्या ओमनेट++मध्येही हीप. नेटवर्क-सिम्युलेटर एनएस-२ने कॅलेंडर क्यू ठरीव म्हणून स्वीकारली होती; एनएस-३मध्ये ती आहे, पण काही न सांगता मिळते ती सी++ची नेहमीची संतुलित वृक्षरचना. हा आळस नाही. वीस तुलनांचा खर्च घटनेच्या प्रत्यक्ष कामापुढे बहुधा किरकोळ असतो, आणि हीप कधी अचानक रुसत नाही.

आता ती कसोटी. तिचे नाव ‘होल्ड’. यादीत ठरावीक घटना भरायच्या, सर्वांत जवळची काढायची, तिच्या वेळेत एक यादृच्छिक आकडा मिळवून ती परत टाकायची. हेच लाखो वेळा. बहुतेक तुलना याच चाकोरीत झाल्या. तीत कोणतीच घटना रद्द होत नाही. खऱ्या टीसीपी जोडणीत मात्र ‘पोच आली नाही तर पुन्हा पाठव’ असा गजर लावलेला असतो, आणि पोच बहुतेकदा येते. म्हणजे हे गजर वाजण्यासाठी नव्हे, रद्द होण्यासाठीच जन्मतात. प्रत्येक वेळी हीपच्या पोटातून जुना गजर उपसण्यापेक्षा तो जागीच ठेवावा, नवी मुदत बाजूला टिपावी आणि वाजल्यावर पाहावे: वेळ उरला असेल तर उरलेल्यापुरता पुन्हा लावावा. या साध्या युक्तीने यादीतल्या खेपाच वाचतात, आणि न झालेल्या खेपेपेक्षा स्वस्त खेप कोणतीही क्यू देऊ शकत नाही. रद्द होणाऱ्या गजरांचा विचार आधीपासून केला तो सिम्युलेशनवाल्यांच्या शेजाऱ्यांनी: ऑपरेटिंग सिस्टीमसाठी टायमिंग व्हील मांडणाऱ्या वर्गीस आणि लॉक यांनी, १९८७मध्ये.

बरोबरीचा प्रश्नही असाच दुर्लक्षित. दोन घटनांची वेळ एकच असेल तर आधी कोण? हीप आल्याचा क्रम पाळत नाही, म्हणून सिमपाय प्रत्येक घटनेला अनुक्रमांक चिकटवते. वेळ दशांश अपूर्णांकात ठेवली तर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज यंत्रात नेमकी ०.३ येत नाही, आणि बरोबरीच्या घटना पुढेमागे होतात. एनएस-३ वेळ पूर्णांकात, एरवी नॅनोसेकंदांत मोजते, ते शहाणपणाचे. चुकीच्या क्रमाने भरधाव धावणाऱ्या यादीचे कौतुक कशाला?

अनेक प्रोसेसरांवर तर एकच एक यादी उरतच नाही. चँडी, मिश्रा आणि ब्रायंट यांची पद्धत आधीची घटना येणार नाही याची खात्री होईपर्यंत थांबते. डेव्हिड जेफरसन यांचा १९८५चा टाइम वॉर्प बेधडक पुढे जातो आणि चूक कळली की मागे फिरून केलेले पुसतो. २०१३मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सेक्वोया आणि व्हल्कन ही यंत्रे जोडून १९,६६,०८० कोअरांवर टाइम वॉर्प चालवला गेला. सेकंदाला ५०,४०० कोटी घटना, असा विक्रम झाला. मोजणी होती पी-होल्डवर, म्हणजे त्याच ‘होल्ड’च्या समांतर अवतारावर. त्यातली घटना येते, पुढच्या घटनेची वेळ ठरवते आणि निघून जाते.