दुसरं कुलूप

सिनेमात बेडीचा 'खट्' आवाज येतो आणि सीन संपतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

जॉर्ज कार्नी यांनी १९१२ मध्ये पेटंट घेतलेली रचना अजून टिकून आहे, आणि ती सुंदरच आहे. दातेरी कमान चौकटीतून आरपार फिरते, त्यामुळे मनगटावर नुसती दाबली की बेडी लागते. आत स्प्रिंगवरचा खटका तिला मागे येऊ देत नाही. पुढे मात्र जाऊ देतो! म्हणजे धडपड केली, किंवा त्या हातावर भार पडला, तरी ती आणखी आवळते आणि मनगटातल्या नसा दबतात.

यावर इलाज बेडीतच आहे. किल्लीच्या टोकावरच्या बारीक पिनेनं खटका जागीच अडकवता येतो. मग बेडी ना सैल होते, ना घट्ट. पण हे दुसरं कुलूप आपोआप लागत नाही. झटापट थांबल्यावर कुणीतरी ते आठवणीनं लावायचं.

मान्य, आधी माप जुळवावं लागतं. तरीही मी कोड लिहितो, आणि सुरक्षित पर्याय डिफॉल्टला बंद ठेवला तर रिव्ह्यूत माझी खरडपट्टी निघते. 'यूजर सेटिंग बदलेल' हे उत्तर तिथे चालत नाही. इथे तर बेडी एकाच्या हातात असते आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात.