सेटिंगची फाइल राहते कुठे? मॅटप्लॉटलिबच्या निमित्ताने

समजा, मुलुंडला घरी विंडोज लॅपटॉपवर तुम्ही बॉक्सप्लॉट काढलात. सहा महिन्यांपूर्वी मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग फाइलमध्ये 'बॉक्सप्लॉट.व्हिस्कर्स' १.५ चं ३ केलं होतं, ते आता आठवतही नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या लिनक्सवर तोच कोड, तोच डेटा. पण आउटलायर एकदम वाढले! कोड बरोबर आहे. फक्त ती फाइल घरीच राहिली आणि लॅबच्या मशीनवर मूळचं १.५ लागू झालं.

आता ती फाइल शोधा. लिनक्सवर ती होममधल्या 'डॉट-कॉन्फिग' फोल्डरमध्ये असते. २००३ च्या एक्सडीजी संकेतानुसार, आणि हे योग्यच आहे. मॅक आणि विंडोजवर मात्र ती होममधल्या 'डॉट-मॅटप्लॉटलिब'मध्ये. माझा आक्षेप इथे आहे. विंडोजची रीत 'अॅपडेटा'ची, मॅकची 'लायब्ररी'ची. नावाआधी डॉट म्हणजे लपवलेलं, ही युनिक्सची सवय. मॅकवर त्यामुळे फोल्डर फाइंडरमध्ये दिसत नाही, आणि विंडोजवर त्या डॉटला काही अर्थच नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी, एवढं साधं आहे.

बचावही आहे. जागा आता बदलली तर जुन्या वापरकर्त्यांच्या फाइली एका रात्रीत निरुपयोगी ठरतील. हा मुद्दा मला पटतो. पण खरं सांगू? फाइल 'योग्य' जागी असती, तरी तुमची आकृती बदललीच असती. कारण होम फोल्डर माणसाचा असतो, संशोधनाचा नाही.

म्हणून दोन भाग करा. खिडकीचा आकार, रंगांची आवड वगैरे होममध्ये राहू दे. निष्कर्षावर परिणाम करणारं प्रत्येक सेटिंग प्रकल्पासोबत फिरलं पाहिजे. मॅटप्लॉटलिब ही सोय देतं: चालू फोल्डरमधली 'मॅटप्लॉटलिबआरसी' फाइल ते सगळ्यात आधी वाचतं. मात्र चालू फोल्डर म्हणजे तुम्ही प्रोग्रॅम जिथून सुरू केला तो, स्क्रिप्ट ठेवलेला नव्हे. इथे बरेच जण फसतात. त्याहून पक्कं म्हणजे व्हिस्करची किंमत थेट कोडमध्ये लिहा आणि आकृतीखालीही नमूद करा.

आज एवढं करा: 'मॅटप्लॉटलिब_एफनेम()' चालवा. कुठली फाइल वापरात आहे ते कळेल. गाईडने विचारण्याआधी आपल्याला माहीत असलेलं बरं!