'नास्तिक' हा शब्द कोणाचा?

१९५६ च्या धर्मांतरानंतर माझ्या आजीने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडून दिले. तेव्हा गावच्या वरच्या आळीतल्या बाया म्हणाल्या, "ही माणसे नास्तिक झाली." आजीला या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. शिवी आहे एवढे मात्र तिला कळले. घरी येऊन तिने भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली.

अलीकडे एका व्याख्यानमालेत मी हा प्रसंग सांगितला. अध्यक्ष पुरोगामी चळवळीतले जुने कार्यकर्ते होते. समारोप करताना ते म्हणाले, "आजींनी एक देव बुडवला आणि दुसरा टांगला. याला नास्तिकता म्हणता येणार नाही." सभागृहात हशा पिकला. मीही हसलो, पण घरी परतताना ते हसू मला बोचू लागले. माझी आजी एकांच्या मते नास्तिक म्हणून पतित आणि दुसऱ्यांच्या मते पुरेशी नास्तिक नाही म्हणून मागासलेली! निवाडा देणारे दोन्ही वेळा वरच्याच आळीतले. म्हणून या शब्दाची एकदा नीट झडती घ्यावी असे मला वाटले.

'देव न मानणारा तो नास्तिक' हा अर्थ आज आपण गृहीत धरतो. जुन्या ग्रंथांत तो मुख्य अर्थ नाही. पाणिनीने 'नाही अशी ज्याची मती' एवढीच या शब्दाची व्युत्पत्ती दिली. काय नाही, हे त्याने सांगितले नाही. काशिकावृत्तीने तेथे 'परलोक' घातला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाने आणखी वेगळे माप लावले: तर्कशास्त्राच्या बळावर श्रुती-स्मृतींचा अवमान करणारा तो नास्तिक, वेदनिंदक, सज्जनांनी त्याला बाहेर घालवावे. जैन आचार्य हरिभद्राने तर षड्दर्शनसमुच्चयात बौद्धांना आणि जैनांनाही आस्तिकांत बसवले आणि लोकायतांना तेवढे वेगळे काढले. म्हणजे ज्याने त्याने आपल्या सोयीचे कुंपण घातले आणि कुंपणापलीकडच्याला नास्तिक म्हटले.

मनूच्या त्या श्लोकातली एक गोष्ट आपल्या विद्वानांच्या नजरेतून सहसा निसटते. ज्याला बाहेर घालवायचे तो तेथे 'द्विज' आहे. नास्तिक ठरण्यासाठीसुद्धा आधी आत असावे लागते. ज्याला वेद ऐकण्याचाच अधिकार नाही तो वेदाची निंदा तरी कशी करणार? त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायात शूद्रांनी भरलेले, नास्तिकांनी व्यापलेले आणि द्विज नसलेले राष्ट्र नाश पावते असे म्हटले आहे. तेथे शूद्र आणि नास्तिक शेजारी उभे केले आहेत. नास्तिक आपल्या मतामुळे वाईट, शूद्र मात्र नुसत्या असण्यामुळे. मग आस्तिक-नास्तिक हा वाद मुळात कोणाच्या घरचा?

याहून बोलका दाखला कुमारिल भट्टाचा. पूर्वमीमांसेला जगाचा निर्माता ईश्वर मान्य नाही. कुमारिलाने अशा ईश्वराविरुद्ध कसून युक्तिवाद केला. आजच्या व्याख्येने तो निरीश्वरवादी ठरेल. तरी परंपरेने त्याला आस्तिकांचा सेनापती मानले, कारण वेदप्रामाण्य त्याने प्राणपणाने राखले. त्याने बुद्धावर घेतलेला एक आक्षेप पाहा. 'तू देव का मानत नाहीस' असे तो विचारत नाही, विचारणारच कसा? त्याचा आक्षेप असा, की क्षत्रियाने उपदेशकाचे काम करणे हा स्वधर्माचा भंग आहे; असा माणूस सांगतो तो धर्म खरा कसा मानावा?

देव गेला तरी वर्ण राहू शकतो, याला आणखी कोणता पुरावा हवा? देव नाकारणे ही मोठी क्रांती आहे असे समजणाऱ्या मित्रांनी कुमारिलापाशी थोडे थांबावे.

मग इंग्रजी विद्येबरोबर 'एथीझम' आला आणि आपण त्याला 'नास्तिकता' हेच जुने नाव दिले. त्या शब्दाविषयीही तिकडे एकमत नाही. १९७२ साली अँटनी फ्ल्यू या ब्रिटिश तत्त्वज्ञाने असे मांडले, की देव नाही असे ठामपणे म्हणणे आवश्यक नाही. देवावरील विश्वासाचा अभाव म्हणजेच एथीझम, आणि पुराव्याची जबाबदारी देव आहे म्हणणाऱ्याची. ही व्याख्या स्वच्छ आहे आणि वादात उपयोगीही आहे. पण अशा व्याख्येचा नास्तिक सकाळी देव नाकारून संध्याकाळी जातीतच मुलीचे लग्न ठरवू शकतो. व्याख्येच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकत नाही.

त्याच सुमारास आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, निराळे काही सांगत होते. त्यांच्या दृष्टीने नास्तिकता म्हणजे नुसता नकार नव्हे. माणूस स्वतंत्र आहे आणि आपल्या कृतीला स्वतःच जबाबदार आहे, ही जाणीव. हा जन्माने ब्राह्मण असलेला माणूस अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहिला, जेवला. १९४० साली त्यांनी नास्तिक केंद्र काढले. मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला त्यांच्या मुलीचा विवाह एका दलित तरुणाशी झाला. व्याख्येची किंमत अशी मोजावी लागते.

तात्त्विक काटेकोरपणा फ्ल्यूकडे अधिक आहे हे मी मान्य करतो. गोरांच्या अर्थात नीती बाहेरून भरली आहे, हा आक्षेपही खोटा नाही. पण मग पहिल्या अर्थाच्या नास्तिकाने आपण मुक्तिदाते असल्याचा आव आणू नये. व्याख्या पातळ ठेवायची आणि श्रेय मात्र घट्ट घ्यायचे, हे चालणार नाही.

बाबासाहेबांनी हा गुंता कसा सोडवला? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. देव आहे की नाही हा तेथे प्रश्नच नव्हता. ग्रंथाची सत्ता हा प्रश्न होता. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांना नकार आहे. पण तेथेच न थांबता समता, करुणा आणि शील यांच्याही प्रतिज्ञा आहेत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास हा धम्म नव्हे असे त्यांनी स्वतंत्रपणे मांडले आणि ईश्वराची जागा नीतीला दिली. बुद्धाने ईश्वर मानला नाही. पण बऱ्यावाईट कर्माला फळ नाही असे म्हणणारा, पालीत ज्याला नत्थिकवाद म्हणतात तो, त्याने तितक्याच ठामपणे खोडून काढला. त्या अर्थाने बुद्ध नास्तिक नव्हता. मनूच्या अर्थाने मात्र नक्कीच होता.

आता अध्यक्षांच्या टोल्याकडे येतो, कारण तो सगळाच पोकळ नव्हता. आपल्या घरांतून बुद्धाला नवस बोलले जातात, बाबासाहेबांच्या तसबिरीला अंगारा लागतो, मुहूर्त पाहून लग्ने लागतात. याची झडती आपणच घेतली पाहिजे आणि ती बावीस प्रतिज्ञांच्या मापाने घेतली पाहिजे. आपल्याच पोटजातींत आपण रोटी-बेटीची कुंपणे राखतो, तेव्हा आपणही कुमारिलाच्याच पंक्तीला बसतो.

पण आजीची तसबीर म्हणजे दुसरा देव नव्हे. त्या तसबिरीपुढे तिने कधी काही मागितले नाही. ज्या टाकांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले ते तिने पाण्यात सोडले. आणि ज्याने माणसाला माणूस म्हटले त्याची आठवण भिंतीवर ठेवली. तुमच्या शब्दात ही बाई बसत नसेल, तर तो शब्द अपुरा आहे. मला कोणी नास्तिक म्हणाले तर मी आता एवढेच विचारणार आहे: कोणत्या अर्थाने? आणि तुम्ही देवाबरोबर आणखी काय काय सोडले?