दारावरचा शेतकरी आणि हातातली पट्टी

आमच्याकडे बोर्डीला वाडीतला चिकू मुंबईला गेला की काही दिवसांनी पट्टी येते. पट्टी म्हणजे दलालाने पाठवलेला हिशोबाचा कागद. वर विक्रीची रक्कम, खाली भाडं, हमाली, तोलाई, दलाली आणि शेवटी उरलेला आकडा. आजोबा या पट्ट्या तारेत ओवून ठेवत. एका हंगामात 'माल नरम निघाला' एवढंच कारण देऊन एका दलालाने भाड्यापुरतेही पैसे पाठवले नव्हते. तो कागदही तारेत आहे.

क्रॉफर्ड मार्केटची इमारत मी या पट्ट्यांसोबत वाचतो.

विल्यम इमर्सनने आखलेली ही मंडई 1869 मध्ये उभी राहिली. तिच्या दारावरच्या शिल्पपट्टीत शेतकरी आहेत. ती घडवणारे लॉकवुड किपलिंग जवळच्याच जे. जे. स्कूलमध्ये शिकवत. शिल्प देखणं आहे, आणि मुंबईच्या वारशाबद्दलचं बहुतेक लेखन या कौतुकावरच थांबतं. मला त्यात एक उणीव दिसते. या शेतकऱ्याला कुणाशी भाव करावा लागत नाही. तो पिकवतो आणि शोभतो. मालाचे किती मिळाले, हे त्याला कुणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्याचं नाव मात्र आज त्याच इमारतीला आहे: महात्मा जोतीबा फुले मंडई. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 चा, म्हणजे मंडईनंतर चौदा वर्षांनी लिहिलेला. त्यातला शेतकरी शिल्पासारखा स्थिर नाही. सारा, लोकल फंड, जकात, कर्ज यांत तो पिचत जातो. फुल्यांच्या रागाची ताकद मला त्यांच्या बेरीज-वजाबाकीत दिसते. कोण किती नेतो, हे ते मोजत जातात. त्यांचा मुख्य रोख भटकामगार आणि सरकार यांच्यावर आहे. दलालावर तो तेवढ्या जोराने येत नाही, ही पुस्तकाची मर्यादा म्हणता येईल. पण मोजायची सवय त्यांनीच लावली.

मंडईतून बाहेर पडून मंगलदास मार्केटचं कापड आणि झवेरी बाजाराचं सोनं बघत चालत गेलं की लोहार चाळ लागते. तिथे आता वायरी आणि स्विच मिळतात. लोहार गेले, नाव राहिलं. मंडईचंही तेच झालं. फळांचा घाऊक व्यापार 1996 मध्ये वाशीला गेला. आमचा चिकूही आता तिथेच उतरतो. क्रॉफर्डला किरकोळ फळं, सुकामेवा, चॉकलेटं. नावात फुले, दारावर शेतकरी, आणि दोघांचाही आतल्या व्यवहाराशी संबंध उरलेला नाही.

महापालिकेने इमारतीचा जीर्णोद्धार हाती घेतला, ते बरंच झालं. पण दगड स्वच्छ केल्याने त्या शिल्पाचा अर्थ पुरा होत नाही. त्याच्याखाली काचेत एक खरी पट्टी लावावी, असं मला वाटतं. येणाऱ्याने आधी वरचा शेतकरी बघावा, मग शेवटचा आकडा.

हे बाबांना सांगितलं. ते तार काढून बसले आणि म्हणाले, "कुठली देऊ? ती नरम मालाची?"