कोळ्याचे रेशीम आणि ‘पूर्ण’ प्रतिकृती

कोळी ज्या धाग्याच्या आधारे लोंबकळतो, तो धागा जीवाणूंकडून निर्माण करवून घेण्याचे प्रयत्न कित्येक दशके चालू आहेत. त्यांत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील फूझोंग झांग व त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली ‘बायोमॅक्रोमॉलिक्यूल्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे स्थान निःसंशय वरचे आहे. नैसर्गिक रेशमाच्या मुख्य यांत्रिक गुणांची ‘पूर्ण’ प्रतिकृती साधली, असे त्याचे शीर्षकच सांगते. आमचा आक्षेप आहे तो ह्या एका शब्दास. विद्यार्थी पुष्कळदा शीर्षक वाचूनच कोणता प्रश्न सुटला व कोणता उरला हे ठरवितो, म्हणून तो नोंदविणे अवश्य वाटते.

रेशीम-प्रथिनाची शृंखला लांब असेल तर धागा बळकट होतो, हे पूर्वीच ठाऊक होते. अडचण अशी की, एकाच पदाची आवृत्ती करणारे लांबलचक जनुक जीवाणूत स्थिर राहत नाही. २०१० मध्ये सांग युप ली यांच्या गटाने ग्लायसिन वाहणाऱ्या आर.एन.ए.चा पुरवठा वाढवून २८४.९ किलोडाल्टनपर्यंत मजल मारली. ताणबल ५०८ मेगापास्कल मिळाले. झांग यांनी जनुक आणखी लांबविण्याचा हट्ट सोडून तयार प्रथिनेच सांधली. प्रथिनांच्या टोकांस इन्टिनचे दोन खंड जोडले. हे खंड एकत्र आले की स्वतःस कापून बाजूस होतात आणि शेजारच्या शृंखला पेप्टाइड बंधाने जुळतात. मध्यस्थाने लग्न जुळवावे आणि मांडवातून निघून जावे, तसा हा प्रकार! १९२ आवृत्त्यांचे, ५५६ किलोडाल्टनचे प्रथिन असे हाती आले. ही युक्ती खरोखर अस्सल आहे.

ताणबल १.०३ ± ०.११ गिगापास्कल, त्याविषयी वाद नाही. चिवटपणा मात्र ११४ ± ५१ मेगाजूल प्रति घनमीटर, म्हणजे विचलन माध्याच्या सुमारे ४५ टक्के. लांबणीही १८ ± ६ टक्के. चिवटपणा हे प्रतिबल-विकृती आलेखाखालील क्षेत्र असल्यामुळे लांबणी डळमळली की तोही डळमळणारच. नैसर्गिक धागेही एकसारखे नसतात, हा बचाव योग्य आहे. परंतु मग माध्याशी माध्य न ताडता विखुरणीशी विखुरणी ताडावयास हवी.

दुसरी गोष्ट कातण्याची. कोळी पाण्यातील द्रावणापासून, आम्लता व क्षार पालटीत, सामान्य तापमानास सूत काढतो. येथे प्रथिन हेक्साफ्लुरोआयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून मिथेनॉलमध्ये सोडले आहे. शीर्षक केवळ यांत्रिक गुणांविषयी बोलते, हे मान्य. तथापि स्वीडनमधील ॲना रायझिंग व यान योहान्सन यांच्या गटाने २०१७ साली अवघ्या ३३ किलोडाल्टनच्या, पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनापासून आम्लतेच्या साहाय्याने किलोमीटरभर धागा काढला होता. त्याचे ताणबल १६२ मेगापास्कलच भरले. पण कोळ्याची रीत त्यात होती. दोन्ही निबंध शेजारी ठेवले असता ‘प्रतिकृती’ हा शब्द कोणास अधिक शोभतो, हे ठरविणे कठीण जाते. झांग यांच्या शीर्षकात नुसते ‘ताणबल’ असते, तर आम्ही तो निबंध अधिक निश्चिंतपणे विद्यार्थ्यांच्या हाती दिला असता.