धातू-ऑक्साइडचे थर आणि पेरॉव्स्काइट सौरघट : एक चिकित्सा

पेरॉव्स्काइट सौरघटांवरील संशोधनसाहित्याचा मागोवा घेतला असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. धातू-ऑक्साइडच्या थराचे वर्णन बहुतेक निबंधांत ‘इलेक्ट्रॉन वाहून नेणारा थर’ असे एका वाक्यात आटोपले जाते आणि लगेच कार्यक्षमतेचा आकडा पुढे येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वर्णन अपुरे आहे.

२००९ मध्ये जपानमधील मियासाका यांच्या गटाने सच्छिद्र टायटॅनियम डायऑक्साइडवर पेरॉव्स्काइट वापरून ३.८ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या स्नेथ यांच्या गटाने सच्छिद्र थरासाठी ॲल्युमिना योजले. ॲल्युमिना विद्युतरोधक आहे. तो इलेक्ट्रॉन वाहून नेत नाही. तरीही कार्यक्षमता १०.९ टक्क्यांवर गेली. (तळाशी टायटॅनियाचा घट्ट थर होताच, हे मात्र विसरता येत नाही.) म्हणजे पेरॉव्स्काइट स्वतःच वाहक ठरले आणि ऑक्साइडच्या भूमिकेचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

त्याचे उत्तर आंतरपृष्ठात आहे. टायटॅनियाच्या पृष्ठभागाला चिकटलेला ऑक्सिजन अतिनील किरणांमुळे सुटतो व इलेक्ट्रॉन अडकवणारे दोष उघडे पडतात. २०१३ मध्ये याच गटाने दाखवले, की हवाबंद केलेले टायटॅनियाचे घट उलट अधिक वेगाने निकामी होतात! संरक्षणासाठी केलेली तजवीजच येथे बाधक ठरली. झिंक ऑक्साइडची गत निराळी : वाहकता उत्तम, परंतु त्याचा आम्लारीधर्मी पृष्ठभाग तापवताना मिथाइलअमोनियमचा प्रोटॉन काढून घेतो आणि पेरॉव्स्काइट विघटित होते. हे दोन्ही दोष घट बनवल्यानंतर काही मिनिटांत घेतलेल्या मोजणीत दिसणे कठीण. ८५ अंश सेल्सिअस व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ही प्रचलित सौरपॅनेलांची कसोटी होय. तिच्याविषयी मौन बाळगणाऱ्या निबंधातील आकडा अर्धाच मानावा.

टिन ऑक्साइडचा मार्ग अधिक आश्वासक वाटतो. सच्छिद्र टायटॅनियाला सुमारे ५०० अंश तापमान लागते, तर टिन ऑक्साइडचा थर २०० अंशांच्या आत बनतो. २०२१ मध्ये केमिकल बाथ डिपॉझिशनने बनवलेल्या अशा थरावर २५.२ टक्के प्रमाणित कार्यक्षमता नोंदली गेली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ही पद्धत दीर्घकाळ रुजलेली आहे आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही ती शक्य आहे. त्या यशात द्रावणाचा सामू निर्णायक होता, कारण त्यावरच थराची रासायनिक घडण बदलत गेली. आपल्याकडील निबंधांत सामू पुष्कळदा कृतीच्या एका ओळीत उरकला जातो. तो निष्कर्षांच्या तक्त्यात, तासांच्या नोंदीशेजारी यावयास हवा.