न ऐकलेला आक्रोश

काव्य जन्माला येतांना कवीची जी तळमळ होते तिला 'प्रसववेदना' म्हणण्याची चाल टीकाकारांत चांगलीच रूढ आहे. ही उपमा आम्ही सढळ हातानें वापरतों. पण जिच्यापासून ती उसनी घेतली त्या स्त्रीला कथेंत वेणा सुरू झाल्या, कीं लेखक बहुधा खोलीचें दार लोटून घेतो आणि बाहेर येरझारा घालणाऱ्या नवऱ्याजवळ जाऊन उभा राहतो. हें दार उघडें ठेवणाऱ्या कथांपैकीं अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'इंडियन कँप' ही १९२४ सालची लहानशी कथा विचार करण्याजोगी आहे.

अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांच्या वस्तींत एक स्त्री दोन दिवस अडलेली आहे. डॉक्टर आपल्या लहान मुलाला घेऊन तेथें येतो, आणि भूल न देतां घडीच्या चाकूनें पोट चिरून मूल बाहेर काढतो. वरच्या फळीवर जायबंदी होऊन पडलेला तिचा नवरा तेवढ्या अवधींत गळा कापून घेतो.

हिचें ओरडणें थांबेल असें कांहीं देतां येणार नाहीं का, असें मुलगा विचारतो. डॉक्टर सांगतो, आपल्याजवळ भुलीचें औषध नाहीं. शिवाय तें ओरडणें महत्त्वाचें नसल्यामुळें आपल्याला तें ऐकूंच येत नाहीं. या उत्तराचा पहिला भाग अडचणीचा आहे, दुसरा वृत्तीचा. वृत्तीला औषधाच्या अभावाची गरज नसते. एडिंबरो येथें जेम्स सिम्प्सन यांनीं १८४७ सालीं प्रसूतींत क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हां कोणी बायबलांतील शाप पुढें केला, तर फिलाडेल्फियाचे प्राध्यापक चार्ल्स मेग्ज यांनीं त्या कळा हितकारकच ठरविल्या.

शस्त्रवैद्यानें मन घट्ट न केल्यास त्याचा हात कांपेल, हा युक्तिवाद आम्हांला अर्धा मान्य आहे. पण हात स्थिर ठेवणें निराळें आणि कान बंद करणें निराळें. अडलेल्या बाईचा आक्रोश ही एक बातमीही असते. आंत कांहीं बिघडलें आहे हें पुष्कळदां प्रथम तिलाच कळतें. लेखकालाही डॉक्टरचा बहिरेपणा मान्य नाहीं. सामना जिंकलेल्या खेळाडूसारखा फुशारलेला डॉक्टर वैद्यकीय मासिकाच्या गोष्टी करूं लागतो, आणि लगेच त्याला वरची फळी पाहावी लागते.

तथापि लेखकाविषयींही आमची तक्रार आहे. या स्त्रीला त्यानें नांव दिलें नाहीं, तोंडीं एक वाक्य दिलें नाहीं. बायकांना नेहमींच इतका त्रास होतो का, असें मुलगा परततांना विचारतो. हें फारच अपवादात्मक होतें असें सांगून बाप तो प्रश्न मिटवितो, आणि मग सारें बोलणें मरणाकडे वळतें. डोळे मिटून पडलेली ती स्त्री जागी होईल तेव्हां तिला काय कळेल, हें कोणीच विचारीत नाहीं.

कथेनंतर ९० वर्षांनीं, २०१४ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेला प्रसूतिगृहांतील अवमान व दुर्लक्ष यांविरुद्ध निवेदन काढावें लागलें. 'पहिलटकरीण आहे, ओरडणारच' हें उत्तर आमच्याकडेही अपरिचित नाहीं. यास्तव ही कथा थोर असूनही आम्ही तिला अर्धी म्हणतों. उरलेली अर्धी त्या खाटेवरूनच सांगितली गेली पाहिजे.